ओच्यातला खडा

"पण शिकवतं कोण इथे?" ऋजुताने तिसऱ्यांदा विचारलं.

वनिताने तिसऱ्यांदा त्याच दगडाकडे हात केला.

ऋजुताला वाटलं होतं, एखादा दांडगा म्हातारा असेल. होडी वल्हवून खांदे रुंद झालेला, एका काठावरून हाक मारली की दुसऱ्या काठाला ऐकू जाणारा. चार दिवस ती या खोऱ्यातून फिरत होती आणि चार दिवस एकच गोष्ट ऐकत होती. त्या वाडीतलं पोर बुडत नाही. एसटीतल्या बायकांनी सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं. डोह कुठे आहे ते मात्र कुणी सांगितलं नाही. शेवटी वाडीतल्या अंगणवाडीच्या वनिताताईंनी तिला सोबत आणलं. दोन घरांच्या परसातून, बांबूच्या बेटातून, मग करवंदीच्या जाळीखालून वाकून.

आणि दगडावर एक सुकलेली म्हातारी बसली होती.

लुगड्याचा ओचा मांडीवर पसरलेला. पाय पाण्याच्या वीतभर वर. तळवेसुद्धा कोरडे.

"ठकूबाय," वनिता म्हणाली, "ही पाव्हणी. परदेशात शिकून आली. पोरांना पवायला शिकवायचं म्हणते."

"तुला येतं?" म्हातारीने विचारलं. तिने मान वळवली नाही.

"सहा वर्षं विद्यापीठाच्या संघातून पोहले, आजी. पदकं आहेत."

"बरं."

नदी बाकी सगळीकडे वाळली होती. वैशाख होता. पात्रात नुसते गोटे तापत होते. इथे मात्र कातळाच्या पोटात पाणी साठून राहिलं होतं, गडद हिरवं, तळ न दिसणारं. वर करंजाची सावली. पाच-सहा मुली आणि दोन बायका पाण्यात होत्या.

ऋजुता म्हातारीजवळ उकिडवी बसली.

"आजी, मी तिकडची नोकरी सोडून आले ती यासाठीच. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते. विहीर, तळं, नदी... पाण्याच्या काठी वाढलेली मुलं पाण्यातच जातात. पुण्यातली एक संस्था मला साथ देणार आहे. उद्या दुपारपर्यंत पहिल्या केंद्राची जागा कळवायची, नाहीतर हे वर्ष गेलं. मला अशी एक जागा हवी, जिथे मी मुलांच्या मनातली भीती काढून टाकेन. भीती गेली की निम्मं काम झालं."

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"काढून ठेवणार कुठं?"

"काय?"

"भीती."

ऋजुता हसली. म्हातारी हसली नाही...

तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पुढे आली. तिने काठावरचा एक खडा उचलला, म्हातारीच्या ओच्यात टाकला आणि पाण्याकडे गेली. तिच्यामागून वनिताची जाऊ आली. तिनेही एक खडा टाकला.

"हे काय?" ऋजुताने वनिताला विचारलं.

"उतरताना खडा द्यायचा. वर आलं की आपला आपण उचलून घ्यायचा. ओचा रिकामा झाला की आजी घरी जातात."

"किती सुंदर," ऋजुता म्हणाली. तिने वही काढली आणि लिहून घेतलं.

त्या मुलीच्या पाठीला वाळक्या पांगाऱ्याच्या चकत्या बांधल्या होत्या. दोरीत ओवलेल्या, भाकरीएवढ्या पाच चकत्या. हे लाकूड बुडत नाही, अंगावर बांधलेल्यालाही बुडू देत नाही.

"सानिके," म्हातारी म्हणाली, "आज एक काढ."

"नको ना, आजी."

"काढ. मी हाय."

सानिकाने एक चकती काढून काठावर ठेवली.

"दोन काढल्या तरी चालेल," ऋजुता म्हणाली. "मी मघाशी बघितलं, तिचे पाय छान चालतात."

"पाय चालतात. डोळे बघ."

ऋजुताने डोळे बघितले. सानिका पाण्यात शिरताना दगडाकडेच बघत होती. एकदा, दोनदा, तीनदा... मग तिने तोंड फिरवलं आणि हात मारले.

ऋजुताने वही मिटली.

"आजी, मला तुमची पद्धत शिकायची आहे. खरंच."

"मग बस."

"कुठे?"

म्हातारी सरकली. "हितं."

ऋजुता दगडावर बसली. कातळ तापलेला होता, पण म्हातारीने सोडलेली जागा निराळीच ऊन होती.

"आता काय करायचं?"

"बघ."

ऋजुता बघत राहिली. पाणी हलत होतं, मुली ओरडत होत्या. एक खंड्या पक्षी करंजावरून सुटला आणि पलीकडे गेला. तिने घड्याळ बघितलं. मग डोहाची रुंदी डोळ्यांनी मोजली. उतरायला तिकडून पायऱ्या करता येतील. इकडे कठडा. झाडाला पाटी. पन्नास मुलं सहज मावतील, दोन तुकड्या केल्या तर शंभर. तिचा ऊर भरून आला. अशीच जागा तिने परक्या देशातल्या खिडकीत बसून कल्पनेत बघितली होती.

"आजी, इथे जर कठडा घातला..."

"बघतेस ना?"

"बघतेय की."

"सानिका कुठं हाय?"

ऋजुताने पाण्याकडे बघितलं. बाकीच्या वर येऊन बसल्या होत्या, पाण्यात चार डोकी होती. सानिकाचं नव्हतं. तिने पुन्हा बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचा हात आपोआप दगडावर टेकला, उठण्यासाठी...

"थितं," म्हातारी म्हणाली.

सानिका कपारीच्या सावलीत बसून टाचेतला काटा काढत होती.

ऋजुताने श्वास सोडला. म्हातारीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"जा गो, पवून ये. पाणी गार हाय."

म्हातारीच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती. बोटं अधूनमधून तिकडे जात.

"गाठीत काय आहे, आजी? तंबाखू?" उठताना ऋजुताने गमतीने विचारलं.

"माझं हाय."

डोहाच्या वळणावर एक सुळका होता. ऋजुताने त्याच्याआड पिशवी ठेवली, कपडे बदलले आणि काठाकाठाने परत आली. काठावरचे खडे चाळून तिने एक छानसा निवडला, काळ्यात पांढरी रेघ असलेला. तो तिने दोन्ही हातांनी म्हातारीच्या ओच्यात ठेवला. एखाद्या समारंभात ठेवतात तसा.

मग तिने सूर मारला.

पाणी इतकं गार होतं की तिला एकदम लहानपणच आठवलं, कुठलं ते मात्र कळेना. क्लोरीनचा वास नव्हता. तळाशी रेघा नव्हत्या. खालून कुठूनतरी झरा येत होता, त्याची आणखी थंड धार मधूनच पोटाला लागत होती. ती एका दमात पलीकडे गेली आणि एका दमात परत आली. मुली पाणी मारायच्या थांबल्या होत्या.

"म्याडम, परत एकदा!"

ती परत एकदा गेली. मग पाठीवर पडून राहिली. पानांमधून आकाशाचे तुकडे दिसत होते. इथे, तिला वाटलं. इथेच.

संस्थेला हे आत्ताच सांगायला हवं होतं.

फोन वरच्या पठारावरच लागतो, हे वनिताने सकाळी सांगितलं होतं. पायवाट सुळक्यामागूनच चढत होती. ऋजुता तिथेच पाण्याबाहेर आली, कपडे बदलले, पिशवी खांद्याला लावली आणि जवळजवळ धावतच वर गेली.

पठारावर वारा होता. फोन लागला. "जागा मिळाली," ती म्हणाली, आणि पलीकडे आनंद झाला. त्यांनी खूप प्रश्न विचारले. खोली किती, रस्ता किती लांब, पंचायत कुणाची. ती उत्साहाने सांगत गेली. गावाशी बोलून जागेचं नाव आणि नकाशा उद्या दुपारपर्यंत पाठवते, म्हणाली. मग एका खडकावर बसून तिने वहीत आराखडा काढला. पायऱ्या, कठडा, शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस. वरती मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'निर्भय'.

मान वर केली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

ती गुणगुणत खाली आली. ठकूबायला आधी सांगायचं, मग वनिताला.

सुळका दिसू लागला तेव्हा तिला जाणवलं की खालून काहीच आवाज येत नाही.

सगळी वाडी काठावर होती. मुली ओल्या अंगाने एका ओळीत बसल्या होत्या, त्यांना कुणी कपडे बदलायलाही नेलं नव्हतं. दोन पुरुष लांब बांबू घेऊन डोहाचा तळ चाचपत होते. तिसरा बुडी मारत होता, वर येत होता, मान हलवत होता, पुन्हा बुडी मारत होता. वनिता साडीसकट गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती. तिचे ओठ निळे पडले होते.

ठकूबाय दगडावर होती. दुपारी बसली होती तशीच.

ऋजुताला पहिल्यांदा सानिकाने बघितलं. तिने नुसता हात उचलला.

सगळ्या माना वळल्या... एक मान सोडून.

वनिता पाण्यातून बाहेर आली. तिने ऋजुताच्या दंडाला हात लावून बघितला, कोरडी आहे का म्हणून. मग खालीच बसली.

बुडी मारणारा माणूस काठाशी आला. तो वनिताचा दीर होता. दम खात तो म्हणाला, "म्याडम, पवता तर झकास येतं तुम्हाला. चढताही येतं म्हणायचं."

कुणी हसलं नाही. बांबू उचलले गेले. बायकांनी मुलींना पदराने पुसलं. रागाचा एक शब्दही कुणी बोललं नाही, आणि तेच तिला सोसेना.

ती दगडापाशी गेली. म्हातारीचा ओचा रिकामा होता. म्हातारीने मूठ पुढे केली आणि उघडली. काळा खडा, पांढरी रेघ. घामाने ओला.

"तुझा."

ऋजुताने खडा घेतला. तो गरम होता.

वाडी पांगली. काठावर तिघीच उरल्या. वनिता पदर पिळत होती. म्हातारीने आता कुठे पाण्यावरची नजर काढली आणि पाय चोळायला घेतले. ते मुंगी येऊन बधिर झाले होते. ऋजुता खाली बसली आणि तिचे पाय चोळू लागली. म्हातारीने चोळू दिले.

"चुकलं माझं, आजी."

"हां."

"पण... मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. मी कशी पोहते ते तुम्ही बघितलं होतं. मी बुडणार नाही हे तुम्हाला दिसलं होतं."

"मला दिसलं. ओच्याला काय ठाव?"

"तुम्ही एक बुडी मारून बघितलं असतंत तर कळलं असतं."

वनिताचे हात थांबले.

"मला पवता येत नाय," म्हातारी म्हणाली.

ऋजुताने वर बघितलं. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तुम्ही सगळ्या वाडीला शिकवलंत."

"मी बसले. ती शिकली."

"इतकी वर्षं? आणि एकदाही पाण्यात..."

"भीती वाटते."

हे तिने सहज सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

"तुम्हाला?"

"वाडीत माझ्याएवढं भित्रं कोण नाय. विचार हिला."

वनिता मान खाली घालून हसली. "खरं हाय. बादलीत वाकून बघत नाहीत आजी."

"म्हणून मला बसवतात. वनिताला बसवली तर ही बडबडते. हिची जाऊ बसली तर मासळी साफ करते. भिणाऱ्याचा डोळा हलत नाय गो."

ऋजुता बराच वेळ पाय चोळत राहिली. वहीतलं ते मोठ्या अक्षरांतलं नाव तिला पिशवीच्या आतूनही दिसत होतं.

"एकदा पण हलला नाही?"

म्हातारीची बोटं पदराच्या गाठीवर गेली.

"एकदा हलला. कोणी मागून हाक मारली. मी मान वळवली... येवढीच."

तिने मान किती वळवली ते दाखवलं. अगदी थोडी होती.

वनिता उठली आणि उगाचच काठावरच्या पांगाऱ्याच्या चकत्या गोळा करून करंजाच्या फांदीला अडकवू लागली.

तेव्हा पाण्यात कोण होतं, हे ऋजुताला विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. तिने दुसरं विचारलं.

"तुम्हाला शिकावंसं नाही वाटलं? पोहायला?"

"वाटतं की."

"मग?"

"बसणार कोण?"

म्हातारी उठली. वनिताने तिचा हात धरला. दोघी करवंदीच्या जाळीखालून वाकून दिसेनाशा झाल्या. ऋजुता थोडी मागे राहिली. हातातला खडा काठावर ठेवावा की पाण्यात टाकावा, तिला कळेना. शेवटी तिने तो इतर खड्यांमध्ये परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी पठारावर गेली. उगाच कुणी वाट बघत बसू नये, म्हणून. संस्थेला तिने दोनच ओळी पाठवल्या. जागा धरू नका. शिकवण्याच्या आधीचं एक काम मला अजून येत नाही, ते शिकायला इथे राहते आहे.

उत्तर यायच्या आत तिने फोन बंद केला आणि खाली उतरली. वही वनिताच्या घरी ठेवली. घड्याळही ठेवलं.

ठकूबाय आली तेव्हा दगडावर कुणीतरी बसलेलं होतं. ओढणी मांडीवर पसरलेली. पाय पाण्याच्या वीतभर वर.

"पवायचं नाय आज?"

"नाही."

"उद्या?"

"माहीत नाही, आजी."

म्हातारी काठावर उभी राहिली. हातांचं काय करावं ते तिला सुचेना.

मुली आल्या. थबकल्या. सानिकाने दगडाकडे बघितलं, मग म्हातारीकडे बघितलं. म्हातारी करंजाच्या शेंगा बघत होती. सानिकाने खडा उचलला, थोडा वेळ हातात धरला, आणि ओढणीत टाकला.

"म्याडम, बघाल ना?"

"हो."

"बोलत नाय बसायचं."

"नाही बोलत."

मग दुसरा खडा पडला. तिसरा. मुली पाण्यात गेल्या. ऋजुताला आज पाण्याची रुंदी दिसत नव्हती. चार डोकी दिसत होती. एक खाली गेलं की तिचा श्वास खाली जात होता, आणि ते वर येईपर्यंत तिथेच राहत होता. आपण भित्र्या आहोत हे तिला सव्विसाव्या वर्षी कळत होतं.

ऊन करंजाच्या शेंड्यावर आलं.

"म्याडम," मागून वनिताची हाक आली. "ओ म्याडम, चहा आणलाय. गरम हाय तोवर घ्या."

थोरली एक मुलगी तेव्हा पाण्याखाली होती.

"म्याडम..."

ऋजुताची मान हलली नाही.

ती मुलगी वर आली. नाकातलं पाणी शिंकरलं. दगडाकडे बघितलं, आणि पुन्हा बुडी मारली.

ठकूबायने हे सगळं बघितलं. ती करंजाखाली गेली. फांदीवर उरलेली एक दोरी काढली. पाचही चकत्या होत्या. वनिता चहाचा पेला धरून उभीच राहिली, मग तिने पेला खाली ठेवला आणि म्हातारीच्या पाठीमागे जाऊन गाठ मारली. एकावर एक, दोन गाठी.

म्हातारी दगडापाशी आली. तिने पदराचं टोक हातात घेतलं. गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला. आतून एक खडा निघाला. लहान, काळा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

तिने तो ओढणीवर धरला. ऋजुता पाण्याकडे बघत होती.

खडा पडला.

"जप गो बाय," ठकूबाय म्हणाली. "लय जुना हाय."